शनिवारची धार

मागच्या जिल्हा बैठकीत इस्रायल पाहून आलेल्या एका भावाने तासभर माहिती सांगितली. फोटो हातोहात फिरले. ठिबकच्या नळ्या, शेडनेटमधली ढोबळी मिरची, आपल्या दोन गाईंचे दूध एका वेळी देणारी गाय. बोलता बोलता तो म्हणाला, "तिथे शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी रात्र पडेपर्यंत सगळे बंद. धर्म पाळणारे ज्यू त्या दिवशी विस्तव पेटवत नाहीत, बटण दाबत नाहीत, वावरात काम करत नाहीत." मागच्या बाजूला बसलेले एक आजोबा उठून उभे राहिले. "मग शनिवारी धार कोण काढते? गाईला वार कळतो का?"

हशा पिकला. सांगणाऱ्याला उत्तर ठाऊक नव्हते, कापसाच्या भावाचा विषय निघाला आणि आजोबांचा प्रश्न तसाच राहिला.

१९९२ साली भारत आणि इस्रायल यांचे राजनैतिक संबंध पूर्णपणे जुळले. तेव्हापासून आपल्याकडची किती शिष्टमंडळे तिकडे जाऊन आली याची गणती नाही. बहुतेक सगळी ठिबक पाहून आली. ठिबक पाहण्यासाठी आता समुद्र ओलांडायची गरज नाही. नान आणि दान या दोन किबुत्झांच्या सिंचन कंपनीचा अर्धा हिस्सा २००७ साली आपल्या जळगावच्या जैन कंपनीने विकत घेतला. खरी पाहण्याजोगी गोष्ट आजोबांनी इथे बसल्या जागी हेरली होती. म्हणून हा लेख त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहीत आहे.

किबुत्झ म्हणजे सामाईक शेतीचे गाव. जमीन कोणा एकाच्या नावावर नाही, गोठा एक, भटारखाना एक, पगार नाही. अंगात बळ असेल तेवढे काम करायचे आणि गरजेपुरते घ्यायचे. पहिले किबुत्झ १९१० साली देगानियाला उभे राहिले. ही चळवळ मुख्यतः समाजवादी तरुणांची. देवधर्माशी त्यांचे फारसे पटत नसे. रब्बींना ते जुनाट समजत आणि रब्बी त्यांना भ्रष्ट समजत. आज अडीचशेवर किबुत्झ आहेत. त्यांत धर्म पाळणारी किबुत्झ वीसच्या आतच. या मूठभरांनी दोन जुवे एकाच मानेवर घेतले. एक बरोबरीचे, दुसरे धर्मशास्त्राचे. दोन्हीकडचे लोक सांगत होते की हे जमायचे नाही.

ही पोरे मूळची शेतकऱ्यांची नव्हती. जर्मनी, पोलंडमधल्या शहरांतली. काहींनी जर्मनीतल्या रोडगेस नावाच्या मळ्यावर नांगर धरायचे धडे घेतले आणि पुढे पॅलेस्टाईनमध्ये पेताह तिकवाजवळ त्याच नावाचा गट बसवला. १९३५ साली त्यांची धार्मिक किबुत्झांची संघटना झाली. ३० जून १९३७ रोजी बेत शेआनच्या खोऱ्यात, जॉर्डन नदीच्या अंगाला, त्यांनी तिरत झ्वी वसवले. नाव दिले झ्वी हिर्श कालिशर या एकोणिसाव्या शतकातल्या रब्बींचे. ज्यूंनी भिक्षेवर जगणे सोडून पवित्र भूमीत शेती करावी, असे त्यांनी १८६२ सालीच पुस्तक लिहून सांगितले होते. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, जवळच स्दे एलियाहू उभे राहिले. तिथली पोरे तर हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेली. मागे राहिलेल्यांचे काय झाले ते जगाला ठाऊक आहे.

त्या वेळी अरबांचा उठाव चालू होता. म्हणून ही गावे 'भिंत आणि बुरूज' पद्धतीने वसवली जात. पहाटे गाड्या भरून लाकडी सांगाडे आणायचे, दिवस मावळायच्या आत कुंपणाची भिंत आणि मधोमध टेहळणीचा बुरूज उभा करायचा. १९३८ च्या फेब्रुवारीतच तिरत झ्वीवर रात्रीचा हल्ला झाला. जागा समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून खाली. हिवतापाची. २१ जून १९४२ रोजी तिथे ५४ अंश उष्णतेची नोंद झाली. काही हवामानतज्ज्ञ हा आकडा थोडा जास्त समजतात. पण चंद्रपूर-अकोल्याच्या ४७ अंशांत वखर धरणाऱ्याला एक-दोन अंशांचा वाद घालायचे कारण नाही.

जमीन कशी मिळाली, हे दौऱ्यावर कोणी सांगत नाही. ते सांगायला हवे. बेसान म्हणजेच बेत शेआन खोऱ्यातली बरीच जमीन तुर्की सुलतानाची खासगी होती आणि अरब कुळे ती पिढ्यान्‌पिढ्या कसत होती. १९२१ साली इंग्रज सरकारने करार करून ती कसणाऱ्यांच्या नावावर करायचे ठरवले. मात्र फुकट नाही. पंधरा वर्षांच्या हप्त्यांनी किंमत भरायची. पिकाला भाव नाही, हप्ते थकले, आणि कुळांनी जमिनी विकायला काढल्या. विकत घेणाऱ्यांत ज्यू राष्ट्रीय निधी होता. जगभरच्या ज्यू घरांत ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यांतून त्याचा पैसा जमे. निधी ती जमीन विकत नसे, लांब मुदतीच्या पट्ट्याने देई. म्हणजे एका दुबळ्या समाजाने पैसा पैसा जमवून पोरांसाठी जमीन घेतली ही गोष्ट खरी, आणि ती जमीन दुसऱ्या एका कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या हातून सुटली हीही गोष्ट तितकीच खरी. कास्तकाराने दोन्ही ऐकून घ्यावीत. १९४८ च्या मे महिन्यात बेसान गावच अरबांपासून रिकामे झाले. मग विक्रीखताचाही प्रश्न उरला नाही.

आता आजोबांची गाय.

ज्यू शास्त्राप्रमाणे शब्बाथच्या म्हणजे शनिवारच्या दिवशी धार काढणे हे काम आहे आणि काम वर्ज्य आहे. पण त्याच शास्त्रात मुक्या जनावराला कळ सोसायला लावू नये असेही आहे. दुधाने कास तटतटली की गाय हंबरते, न काढले तर सड सुजतात. युरोपातल्या खेड्यात याला सोपी तोड होती. शेजारच्या ख्रिस्ती बाईला बोलवायचे. ती धार काढी, पाप कोणालाच लागत नसे. जुन्या वळणाच्या रब्बींनी किबुत्झवाल्यांनाही हेच सांगितले.

पोरांनी ते ऐकले नाही, आणि न ऐकण्याचे कारण फार मोलाचे आहे. आम्ही आमच्या हातांनी शेती करायला आलो, सालदार ठेवायचा नाही ही आमची शपथ. आता धर्म पाळण्यासाठी परक्याचे हात भाड्याने घ्यायचे? ज्या धर्माला रोजचा गोठा सांभाळता येत नाही, तो एका अख्ख्या समाजाला कसा सांभाळणार? नियम मोडायचा नाही, माणूसही उसना आणायचा नाही. मग वाट कोणती? एक वाट होती जनावराची कळ थांबवण्यापुरती धार काढायची आणि दूध जमिनीवर सोडून द्यायचे. सात दिवसांतल्या एका दिवसाचे दूध मातीत. ज्या घरात दुधाच्या पैशावर किराणा येतो, तिथे हे ऐकतानाच पोटात गोळा येईल.

पुढे दूध काढायची यंत्रे आली आणि वादाला नवे वळण लागले. यंत्र आपोआप, घड्याळावर चालू झाले तर? मोटार बंद असताना कप सडांना लावले तर? पहिली धार वाया जाऊ द्यायची आणि नंतरची भांड्यात वळवायची तर? गोठ्यातली माणसे आणि शास्त्री यांच्यात याचा किती काथ्याकूट झाला असेल ते त्यांचे तेच जाणोत. हझोन इश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अत्यंत कर्मठ पंडितानेही अटी घालून का होईना, यंत्राच्या धारेला वाट दिली. आज धार्मिक किबुत्झांत शनिवारी गाई दुभल्या जातात, दूध टाकीत जाते आणि नियमही उभा राहतो. पाण्याचेही तसेच. शुक्रवारी दुपारी वेळ लावून ठेवली की शनिवारी झडपा आपल्या आपण उघडतात, मिटतात. आपल्याकडे रात्री दोनला वीज येते म्हणून मोटारीला ऑटो लावतात. तिथे देवाच्या वेळापत्रकासाठी.

इथे आपल्या कोकणातली गोष्ट आठवते. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत तेल गाळणाऱ्या बेने इस्रायल लोकांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. मराठी बोलणारे, आपल्यातच शेकडो वर्षे राहिलेले हे ज्यू. पण तेलाचा घाणा थांबवता येतो. तीळ एक दिवस पडून राहिले तर नासत नाहीत. धर्म आणि धंदा यांचा झगडा खरा पेटतो तो पिकाशी आणि जनावराशी गाठ पडल्यावर.

तो झगडा एका गाईपुरता नव्हता. नव्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळे खायची नाहीत. निरनिराळे बियाणे एकत्र पेरायचे नाही. आपण पऱ्हाटीत तुरीची ओळ टाकतो तीसुद्धा तिथे अंतर मोजून टाकावी लागली असती. लोकर आणि जवस-ताग्याचे कापड एकत्र शिवायचे नाही. कापसाला मात्र कशाचीच आडकाठी नाही, हे वाचून मला उगाच बरे वाटले.

सर्वांत जड नियम सातव्या वर्षाचा. सहा वर्षे पेरा, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा. त्याला ते श्मिता म्हणतात. तिरत झ्वी जूनमध्ये वसले आणि त्याच सप्टेंबरात, ज्यू नवे वर्ष लागले तेव्हा, सातवे वर्ष सुरू झाले! ज्यांनी अजून धड एक पीक घेतले नाही त्यांना शास्त्र सांगते, वर्षभर नांगर ठेवा. यावर १८८८-८९ पासून एक तोड चालत आली आहे. रब्बींच्या मार्फत जमीन त्या वर्षापुरती बिगर-ज्यू माणसाला कागदोपत्री विकायची. मालक ज्यू नाही, म्हणून नियम शिथिल. सीलिंगच्या काळात आपल्याकडे कोणाकोणाच्या नावावर जमिनी चढल्या ते आठवून हसू येईल. पण फरक आहे. आपण कायदा चुकवून गप्प बसलो, आणि यांना त्या कागदाची लाज वाटत राहिली. दर सातव्या वर्षी चर्चा पुन्हा होते. दुसऱ्या एका धार्मिक गटाच्या हाफेत्झ हाइम या किबुत्झाने तर तो कागदच नाकारला आणि मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर भाजीपाला पिकवायचे प्रयोग केले. माती नाही, मग पडीक काय ठेवायचे? शेवटचे सातवे वर्ष २०२१-२२ ला झाले. पुढचे २०२८ च्या सप्टेंबरात लागेल.

सातव्या वर्षाला आणखी एक पदर आहे, आणि तो ऐकून बैठकीत टाळ्या पडतील. त्या वर्षाच्या शेवटी कर्जे माफ. तसे धर्मग्रंथात लिहिले आहे. पण टाळ्या पडायच्या आधी पुढचे ऐका. दोन हजार वर्षांपूर्वी असे झाले की सातवे वर्ष जवळ आले की सावकार हात आखडता घेत आणि गरिबाला पेरणीच्या तोंडावर कोणी दमडी देईना. तेव्हा हिलेल नावाच्या पंडिताने तोड काढली. सावकाराने आपले येणे न्यायसभेच्या हवाली केल्याचा दाखला करायचा, म्हणजे ते माफ होत नाही आणि कर्जाची वाटही बंद होत नाही. माफीचा हुकूम आणि पतपुरवठ्याची गरज यांची टक्कर इतकी जुनी आहे. आपल्या सोसायटीत कर्जमाफीनंतरच्या हंगामात नवे कर्ज मिळवताना काय होते, ते मी वाचकांना सांगायला नको.

आधुनिक किबुत्झांचीही कर्जाने पाठ सोडली नाही. १९८४ साली इस्रायलमध्ये महागाई चारशे टक्क्यांच्या वर गेली होती. १९८५ ला सरकारने ती एकदम आवळली. महागाई उतरली, व्याज चढेच राहिले. भाववाढीच्या भरवशावर कर्ज काढून कारखाने, जेवणघरे, पोहण्याचे तलाव बांधणारी किबुत्झ आडवी झाली. १९८९ साली सरकार, बँका आणि किबुत्झ यांना बसून तडजोड करावी लागली. जगाने आदर्श म्हणून डोक्यावर घेतलेली शेती व्याजाने मोडली. पुढे अनेक किबुत्झांनी बरोबरी सोडून पगार सुरू केले.

या पुरातून धार्मिक किबुत्झ पुष्कळच कमी भिजून बाहेर आली. असे का व्हावे? त्यांच्यावर तर बंधने जास्त. आठवड्याचा एक दिवस पूर्ण बंद, सातव्या वर्षाचा घोर, दिवसातून तीनदा प्रार्थना आणि तिला किमान दहा पुरुष हजर हवेतच.

रिचर्ड सोसिस आणि ब्रॅडली रफल या दोन अभ्यासकांनी याचा एक खेळ लावून पाहिला. २००३ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. एकाच किबुत्झातल्या दोन माणसांची जोडी, पण कोणाला कोण जोडीदार ते माहीत नाही. पाकिटात शंभर शेकेल. प्रत्येकाने गुपचूप सांगायचे, मी यातून किती काढतो. दोघांची बेरीज शंभरावर गेली तर दोघांनाही भोपळा. शंभराच्या आत राहिली तर उरलेल्या रकमेत निम्म्याची भर घालून ती दोघांत वाटायची. म्हणजे हात जितका आखडाल तितका दोघांचा फायदा, पण समोरच्याने ओरबाडले तर तुम्ही वेडे ठरलात. धार्मिक किबुत्झांतल्या लोकांनी कमी काढले, आणि त्यांच्यातही रोज सभागृहात जाऊन प्रार्थना करणाऱ्या पुरुषांनी सर्वांत कमी. बायकांत मात्र असा फरक दिसला नाही. त्यांच्यावर त्या सामुदायिक प्रार्थनेची सक्तीच नाही.

यावरून कोणी म्हणेल, पाहा, देवाची कृपा. माझे मत तसे नाही. प्रार्थना घरी एकट्याने करणाऱ्या बाईचीही देवावर श्रद्धा असतेच. फरक पडला तो रोज तीन वेळा एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याने. दहावा माणूस आला नाही तर नऊ जण दारात उभे राहून वाट पाहतात. ज्याची वाट पाहिली जाते, त्याला दुसऱ्या दिवशी सामाईक पाकिटातून ओरबाडायला अवघड जाते. आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा होते. कोरम नसतो म्हणून अर्धा तास तहकूब होते आणि त्याच जागी चार माणसांत पुन्हा भरून सगळे ठराव पास होतात. मीही त्या चारांत बसलेलो आहे, म्हणून दुसऱ्याला बोल लावत नाही.

आणि हे सगळे स्वखुशीचे आहे, हे विसरू नये. ज्याला नको तो उठून जातो, पुष्कळ जण जातातही. १९५९ साली काँग्रेसने नागपूरच्या अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव केला तेव्हा कित्येक पुढारी किबुत्झाचा दाखला देत. शेतकऱ्याला वास आला तो जमीन जाण्याचा. त्याचे नाक बरोबर होते. वरून लादलेली सामाईक शेती आणि पन्नास पोरांनी भिंत-बुरूज बांधून स्वतः पत्करलेली सामाईक शेती यांना एकच नाव देणे हा फसवणुकीचा प्रकार आहे.

स्दे एलियाहूची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, कारण ती फवारणीची आहे. इटलीहून आलेले मारिओ लेव्ही नावाचे तिथले सभासद सत्तरच्या दशकात विषारी औषधांशिवाय शेती करायच्या मागे लागले. भोवतालचे हसत होते. १९८० नंतरच्या काळात तिथे मित्रकीटक वाढवायचा कारखानाच उभा राहिला. लाल कोळ्याला खाणारा कोळी, हरितगृहातल्या टोमॅटोचे परागीभवन करणारे भुंगे, हे डब्यांत भरून परदेशी विकले जातात. उंदरांसाठी विष घालायचे, ते उंदीर खाऊन घारी-घुबडेही मरत. त्यांनी वावरात खांबांवर पेट्या बांधल्या. गव्हाणी घुबडे आपण होऊन राहायला आली आणि जोडी वर्षाला हजारो उंदीर फस्त करू लागली. पुढे नदीपलीकडच्या जॉर्डनमधले शेतकरीही त्यात सामील झाले. अरब खेड्यांत घुबड आपल्यासारखेच अपशकुनी मानतात, तरीही. २०१७ साली यवतमाळात पऱ्हाटीवर फवारणी करता करता आपली माणसे विषबाधेने गेली. घुबडाच्या पेटीने बोंडअळी जाणार नाही हे मला कळते. पण ट्रायकोकार्ड वेळेवर मिळत नाही म्हणून आपण किती वर्षे रडायचे, तेही कळत नाही.

आता जे आपल्याला जमणार नाही ते. बेत शेआनच्या खोऱ्यात पाऊस आपल्यापेक्षा कमी, पण जमिनीतून झरे वाहतात. खारट का होईना, पाणी आहे. त्या खारट पाण्यावर त्यांनी खजूर लावले, मत्स्यतळी केली. मागे सरकार उभे होते, बाहेरून पैसा होता. कोरडवाहू कास्तकाराने त्यांच्या उताऱ्याशी आपला उतारा ताडून स्वतःला कमी समजू नये. आपल्या हातांनीच शेती करायची ही शपथही टिकली नाही. सुना-लेकी शिकल्या, पोरे कारखान्यात गेली आणि वावरात थायलंड-नेपाळचे मजूर आले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने गाझालगतच्या अलुमिम या धार्मिक किबुत्झावर हल्ला केला, तेव्हा शेती शिकायला आणि काम करायला आलेले १० नेपाळी विद्यार्थी तिथे मारले गेले. थाई मजूरही गेले. शेतकऱ्यांचीच पोरे ती. त्यानंतरच्या युद्धात गाझातलीही बहुतेक शेतजमीन उद्ध्वस्त झाली.

तेव्हा पुढच्या दौऱ्याला जे निघतील त्यांना विनंती. ठिबकचे फोटो पुरे झाले. शनिवार धरून तिथे मुक्काम करा, गोठ्याच्या दाराशी उभे राहा आणि घड्याळ लागताना पाहा. सभेचे इतिवृत्त मागा, किती जण हजर होते ते मोजा. बेसानची जमीन पूर्वी कोण कसत होते तेही विचारा, कोणी टाळले तरी पुन्हा विचारा. परत आल्यावर पहिल्यांदा त्या आजोबांना भेटा. ते मागच्या रांगेतच बसतात.